शाळेची भीती आणि मोठ्यांचे शेरे

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. त्या पहिल्या आठवड्यात शहरातल्या कोणत्याही प्राथमिक शाळेच्या फाटकापाशी सकाळी सात वाजता दहा मिनिटे उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. नव्या दप्तरांचा आणि रेनकोटांचा वास, रिक्षांची गर्दी, बसच्या पायरीवरून उड्या मारत उतरणारी मुले, आणि या गलबल्यात फाटकाचा गज दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा असलेला एखादा सहा वर्षांचा मुलगा. तो रडतो आहे असेही नाही. चेहरा पांढरा पडला आहे, पोटात दुखते असे तो एकदाच म्हणाला आहे आणि आता काहीच बोलत नाही.

त्याच्याभोवती मात्र बरेच जण बोलत असतात. ‘लाडावून ठेवलाय,’ असे शेजारून जाणारी एक बाई दुसरीला सांगते. ‘नाटक आहे सगळं, आत गेला की खेळायला लागेल,’ हे रिक्षावाल्या काकांचे निदान. आजोबा बरोबर असतील तर त्यांना त्यांचे मास्तर आणि त्या मास्तरांची छडी आठवते. शिक्षिकेच्या तोंडून ‘जरा हट्टीच दिसतोय’ असे निसटून जाते. मुलाची आई कोणालाच काही म्हणत नाही, कारण ती त्या वेळी स्वतःलाच सुनावत असते: नोकरी सोडायला हवी होती, बालवाडीत आणखी एक वर्ष ठेवायला हवे होते, आपलेच कुठेतरी चुकले. पाच मिनिटांत पाच निवाडे होतात. त्यांतला एकही मुलाला काही विचारून दिलेला नसतो.

‘जजमेंटल’ या इंग्रजी शब्दाला मराठीत चपखल प्रतिशब्द नाही, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. प्रतिशब्द नसेल, पण त्या वृत्तीसाठी एक नेमका शब्द आपल्याकडे जुना आहे. तो म्हणजे शेरा. मूळचा हा कचेरीतला शब्द. अर्जाच्या कडेला साहेबाने लिहिलेला अभिप्राय म्हणजे शेरा. कचेरीतून तो शाळेच्या प्रगतिपुस्तकात आला आणि ‘बडबड्या आहे’, ‘लक्ष नाही’, ‘सुधारणेस वाव’ अशा रूपांत पिढ्यान्‌पिढ्या घरी येत राहिला. शेऱ्याचा एक गुण असा, की तो लिहिला की कागद पुढे सरकतो, म्हणजेच प्रकरण मिटते. मुलाला ‘हट्टी’ म्हटले की तो फाटक का सोडत नाही हा प्रश्नच उरत नाही.

शाळेला घाबरणाऱ्या मुलाची सर्वांत मोठी अडचण बहुधा हीच असते. त्याची भीती समजून घेण्याआधीच तिला स्वभावाचे नाव मिळालेले असते.

भीती कसली?

शाळेत न जाणारे मूल म्हणजे उनाड मूल, असे पाश्चात्त्य वैद्यकही दीर्घकाळ मानत होते. १९३२ साली ब्रॉडविन या अभ्यासकाने काही मुलांकडे लक्ष वेधले. ही मुले शाळा चुकवून बाजारात किंवा नदीवर भटकत नव्हती, तर थेट घरी जात होती आणि घरी सुखात असत. १९४१ साली अमेरिकेतील अ‍ॅडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेला ‘स्कूल फोबिया’ असे नाव दिले. पुढे तेही अपुरे वाटू लागले. कारण साप किंवा उंची यांची भीती वाटावी, तशी शाळेच्या इमारतीची भीती फार थोड्या मुलांना असते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सेपरेशन’ या ग्रंथात हा प्रश्न उलटा करून पाहिला. मूल शाळेत जायला घाबरते, की घर सोडायला घाबरते? घरात आजारपण असेल, आईवडिलांची भांडणे असतील, ‘असाच वागलास तर मी निघून जाईन’ असे वाक्य रागाच्या भरात कानावर पडले असेल, तर मागे घरी काय होईल याची धास्ती मुलाला असते. शाळेत जाणे म्हणजे त्याच्या लेखी पहारा सोडणे.

१९९०च्या दशकात ख्रिस्तोफर कर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन यांनी याहूनही व्यवहारी मार्ग घेतला. मूल ‘कसे आहे’ हे ठरवण्याऐवजी शाळा टाळल्याने मुलाला नेमके काय मिळते, हे ते विचारू लागले. एखाद्याला शाळेतली विशिष्ट गोष्ट टाळायची असते. घंटा, बस, मैदान, स्वच्छतागृह. एखाद्याला चारचौघांत उभे राहून वाचण्याचा, चाचणीचा, डबा एकट्याने खाण्याचा प्रसंग टाळायचा असतो. एखाद्याला आईजवळ राहायचे असते. आणि हो, एखाद्याला घरचा टीव्ही आणि मोबाइलही हवा असतो. रिक्षावाल्या काकांचे निदान अगदीच निराधार नाही, हे मान्य करायला हवे. मात्र या चार कारणांचे बाह्य रूप सकाळी सात वाजता एकच दिसते आणि उपाय मात्र चौघांचे वेगवेगळे आहेत. फाटकावरून पाहून त्यांतला फरक कळत नाही.

शालेय वयाच्या शंभर मुलांपैकी साधारणपणे एक ते पाच मुलांना कधी ना कधी ही अडचण येते, असे पाश्चात्त्य वैद्यकीय वाङ्मय सांगते. पहिलीत जाण्याचे वय आणि पुढे दहा-अकराचे, म्हणजे शाळा वा विभाग बदलण्याचे वय, ही दोन वळणे अधिक अवघड. मोठी सुटी, दीर्घ आजारपण, घर बदलणे यांनंतरही ती डोके वर काढते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शहरांतल्या लहान मुलांचे वर्ग सुरळीत भरायला पुढे जवळजवळ दोन वर्षे गेली. या काळात आयुष्यातली पहिली शाळा पडद्यावरच पाहिलेली मुले नंतर खऱ्या वर्गात जाऊन बसली, तेव्हा बावरलेल्या मुलांना ‘सवय मोडली’ एवढ्या एका शेऱ्यावर सोडून देणे अनेकांना सोपे वाटले.

पोटदुखी खरी असते

‘नाटक’ हा आरोप मुख्यतः पोटदुखीवरून होतो. सोमवारी सकाळी पोटात कळ येते, उलटीची भावना होते, डोके जड होते. बस निघून गेली की साडेआठपर्यंत सारे ओसरते आणि मूल पोहे मागते. रविवारी दुखत नाही, दिवाळीच्या सुटीत दुखत नाही. मोठ्यांच्या दृष्टीने पुरावा पूर्ण होतो.

शरीराची रचना पाहिली तर या पुराव्याचा अर्थ वेगळा लागतो. धोका जाणवला की मेंदू शरीराला पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीत आणतो. अ‍ॅड्रिनलिन स्रवते, हृदय वेगाने धडधडते, रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळते, आतड्यांच्या हालचाली बिघडतात. आतड्यांभोवती मज्जातंतूंचे दाट जाळे असल्याने हा बदल मुलाला थेट पोटात जाणवतो. त्याला ‘मला चिंता वाटते’ असे म्हणता येत नाही, कारण तो शब्द त्याच्याजवळ अजून आलेला नसतो. त्याच्याजवळ ‘पोट दुखतं’ हे वाक्य असते आणि ते खरे असते. धोका टळला की शरीर सैलावते, दुखणे थांबते. परीक्षेला निघालेला किंवा मुलाखतीच्या दालनाबाहेर बसलेला मोठा माणूस तीन वेळा स्वच्छतागृहात जाऊन येतो, तेव्हा त्याला कोणी नाटकी म्हणत नाही.

अर्थात, पोटदुखी खरी आहे म्हणून मुलाला घरी ठेवावे, असा याचा अर्थ नव्हे. भीतीचे एक यंत्र असते आणि ते ओ. एच. मॉवरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४७ साली उलगडून दाखवले. भयप्रद गोष्ट टाळली की सुटकेचा निःश्वास मिळतो. ही सुटकाच बक्षीस ठरते आणि टाळण्याची सवय पक्की होते. एक दिवस घरी राहिलेल्या मुलाला मंगळवार सोमवारपेक्षा जड जातो, आठवडाभर राहिलेल्याला पुढचा सोमवार त्याहून जड. म्हणूनच बालरोगतज्ज्ञांनी तपासून शारीरिक आजार नाही असे सांगितल्यावर मुलाने शक्य तितक्या लवकर शाळेत परतावे, असे बहुतेक तज्ज्ञ सुचवतात. पूर्ण दिवस झेपत नसेल तर दोन तास, वर्ग झेपत नसेल तर आधी ग्रंथालय, आईला फाटकापर्यंत येऊ देऊन मग कोपऱ्यापर्यंत. म्हणजे ‘शाळेत जायलाच हवे’ हा आजोबांचा आग्रह चुकीचा नव्हता. चूक होती ती त्यासोबतच्या शेऱ्यात. ‘तुला भीती वाटते आहे हे दिसतंय, आणि तरी आपण आत जाऊ, मी अकराला इथे असेन,’ आणि ‘भित्रा कुठला, चल आत,’ या दोन वाक्यांत पायांना जावे लागते ते एकाच दिशेला. पहिल्या वाक्यानंतर मूल दुसऱ्या दिवशी आपल्याला काहीतरी सांगण्याची शक्यता राहते.

‘श्यामची आई’मधली श्यामच्या पोहण्याची गोष्ट मराठी वाचकाला पाठ असते. पाण्याला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारते, विहिरीवर धाडते आणि नंतर त्याला जवळ घेऊन समजावते, की लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हटलेले तिला सहन होणार नाही. साने गुरुजींचे हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले आणि या गोष्टीतून गेल्या कित्येक पिढ्यांनी एकच निष्कर्ष काढला: मार उपयोगी पडतो. गोष्ट पुन्हा सावकाश वाचली तर दोन गोष्टी लक्षात येतात. पाण्यात श्यामला सांभाळणारी जाणती माणसे होती. पोहणे शिकला तो त्यांच्या आधाराने. आणि आईचा हात उचलला गेला तो पाण्याच्या भयाने नव्हे, गावाच्या शेऱ्याच्या भयाने. त्या माउलीच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या घरात त्या दिवशी दोन माणसे घाबरलेली होती, आणि एकाच्याच भीतीला नाव मिळाले.

भीती खोटी नसते तेव्हा

मुलाच्या मनाचा इतका विचार करताना एक धोका संभवतो. प्रत्येक भीती मनातच असते, असे वाटू लागते. शाळा खरोखरच घाबरण्याजोगी असू शकते.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालशोषणाविषयीचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून तो केलेला होता. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी, म्हणजे तिघांतल्या दोघांनी, शाळेत शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. त्यानंतर शिक्षणहक्क कायदा आला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला आणि त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. कायद्याने छडी बरीचशी हद्दपार झाली असेल. वर्गासमोर उभे करून मारलेला टोमणा मात्र कोणत्याही हजेरीपटावर नोंदला जात नाही.

आणि काही मुलांसाठी शाळेतली भीती त्यांच्या जन्माला चिकटलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्यातल्या शाळेचे वर्णन केले आहे. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसायचे, बसण्यासाठीचे गोणपाट रोज घरून आणायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे, कारण झाडलोट करणारा नोकरही त्याला शिवत नसे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी उघडली तरच पाणी. अशा शाळेला निघालेल्या मुलाच्या पोटात कळ आली असती तर ती कोणाच्या मनाचा दोष मानायची?

आजच्या शहरी शाळांत प्रश्नांची रूपे वेगळी आहेत. बसच्या शेवटच्या बाकावरची मोठी मुले, आडनावावरून किंवा रंगावरून पडलेली टोपणनावे, डब्यातल्या पदार्थावरून होणारी चेष्टा. वाचताना अक्षरे नाचतात असे सांगता न येणारी मुले ‘आळशी’ म्हणून वर्षानुवर्षे बाकावर उभी राहिली. २००७ च्या अखेरीस आलेल्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द मध्यमवर्गीय घरांत पोहोचवला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला कायद्यात स्थान दिले. त्याआधीच्या पिढ्यांतली किती ‘मठ्ठ’ मुले प्रत्यक्षात मठ्ठ नव्हती, हे आता मोजण्याचा मार्ग नाही.

मोठी माणसे इतक्या घाईने का ठरवतात?

शेरा मारणारा माणूस दुष्ट असतो असे समजणे हाही एक शेराच होईल. मनाची घडणच तशी आहे. १९६७ साली अमेरिकेत एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोंच्या बाजूने व विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. कोणती बाजू घ्यायची हे लेखकाला नेमून दिले होते, असे सांगितल्यावरही वाचकांना वाटत राहिले, की बाजूने लिहिणारा मनातून थोडाफार कॅस्ट्रोसमर्थकच असणार. परिस्थिती डोळ्यांसमोर असूनही माणूस दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधतो. ली रॉस यांनी १९७७ साली या प्रवृत्तीला ‘मूलभूत गुणारोप-दोष’ अशा अर्थाचे नाव दिले. स्वतःच्या बाबतीत मात्र हिशेब वेगळा असतो. आपल्याला कार्यालयात उशीर झाला तर लोकल उशिरा आलेली असते; शिपायाला उशीर झाला तर तो कामचुकार असतो.

शेऱ्याचा परिणाम पुढे किती जातो, याबद्दल एक प्रयोग जगभर गाजला. रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांनी साउथ सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना सांगितले, की अमुक मुले यंदा विशेष प्रगती करतील असे चाचणीतून दिसते. प्रत्यक्षात ती नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. वर्षअखेरीस, विशेषतः पहिली-दुसरीतली, ती मुले इतरांपेक्षा पुढे गेलेली आढळली. १९६८ साली हे निष्कर्ष पुस्तकरूपाने आल्यावर त्यांच्या पद्धतीवर कडक टीका झाली, आणि नंतरच्या संशोधनाचा एकूण कौल असा, की हा परिणाम खरा असला तरी सांगितला जातो तितका मोठा नसतो. समाजात आधीच खालचे स्थान मिळालेल्या मुलांच्या बाबतीत मात्र तो अधिक जाणवतो. प्रयोगाची दंतकथा झाली म्हणून त्यातले सत्य टाकून देऊ नये, इतकेच.

चांगला शेराही निरुपद्रवी नसतो, ही बाब पालकांना पटायला जड जाते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या वयाच्या मुलांपैकी काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, तर काहींना ‘तू खूप मेहनत घेतलीस’ असे. हुशार ठरलेल्या मुलांनी पुढे सोपी कोडी पसंत केली. अवघड कोड्यांत अपयश आल्यावर स्वतःचे गुण दुसऱ्या शाळेतल्या मुलांना कळवायचे होते, तेव्हा त्यांतल्या जवळपास ४० टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले. पहिल्या पाचांत येणारी मुलगी सहामाहीच्या आदल्या रात्री तापाने फणफणते, तेव्हा ‘हिला कसली भीती?’ असे सर्वांना वाटते. तिच्याजवळ गमावण्यासारखा एक शेरा असतो.

शाळेतून मुले लिहायला-वाचायला शिकतात, तशी तुलना करायलाही शिकतात. ज्या मुलाला दहा वर्षे शेऱ्यांची धास्ती वाटली, तेच मोठेपणी सहजतेने शेरे मारते. नव्या सहकाऱ्याच्या उच्चारांवर, शेजारणीच्या स्वयंपाकघरावर, फाटकापाशी उभ्या असलेल्या मुलाच्या आईवर. भीती गेलेली नसते. ती फक्त बाकाच्या दुसऱ्या बाजूला बसलेली असते.

अपवाद असतात. जे. कृष्णमूर्ती यांच्या चरित्रकार मेरी लटियन्स यांनी त्यांच्या मद्रासमधल्या शालेय दिवसांची हकिकत दिली आहे. १९०९च्या सुमारास तेरा-चौदा वर्षांचा हा मुलगा इतका हरवलेला असे, की शिक्षक त्याला मंद समजून जवळजवळ रोज मारत, वर्गाबाहेर व्हरांड्यात उभे करत आणि विसरून जात; अंधार पडेपर्यंत तो तिथेच असे. धाकटा भाऊ नित्या हुशार, त्यामुळे तुलना हाताशीच होती. पुढे याच माणसाने भय आणि तुलना यांपासून मुक्त शिक्षण हा आपल्या चिंतनाचा एक मुख्य विषय केला. त्या विचारांवर चालणारी एक शाळा, ‘सह्याद्री’, पुण्याजवळ राजगुरुनगरच्या परिसरातल्या टेकडीवर १९९५ पासून आहे. निवाडा न करता नुसते पाहणे, ही गोष्ट ते आयुष्यभर सांगत राहिले. ऐकायला ती अध्यात्मातली वाटते. व्यवहारात उतरवली तर काय होते, याचे उदाहरण मात्र महाराष्ट्राच्याच मातीत, समुद्राच्या जवळ सापडते.

कुरणात गेलेली शाळा

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतली मुले येईनात. त्या काळी, आणि आजही, यावर तयार शेरा होता: ‘या लोकांना शिक्षणाची किंमत नाही.’ या दोघींनी तो मारला नाही. मुले का येत नाहीत हे पाहायला त्या वस्तीत गेल्या आणि बालवाडीच तिथल्या अंगणात नेऊन भरवली. त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्माला आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तोच शब्द देशभर गेला.

पुढे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात हलले. तिथेही वर्ग रिकामे. पाहिल्यावर कळले, की मुले गुरे राखतात आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात. मुलींसाठी तान्ह्यांचे पाळणाघर, त्याला लागून बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुराख्यांसाठी शिक्षकच कुरणात जाऊ लागले. गुरे चरत असताना पाने, बिया, खडे यांवर आकडे आणि अक्षरे शिकवली जाऊ लागली. तिला नाव पडले कुरणशाळा. शहरातल्या फाटकापासून ही गोष्ट लांबची वाटेल. पण ‘मूल शाळेत येत नाही’ या एकाच वाक्यापाशी ती सुरू झाली होती, आणि ‘का?’ या प्रश्नाला ताराबाई-अनुताईंनी खरे उत्तर मिळेपर्यंत थांबण्याची तयारी दाखवली होती.

ही तयारी अंगी यायला सराव लागतो, आणि तो भाषेपासून सुरू करता येतो. ‘तो आळशी आहे’ या वाक्यात माहिती काहीच नाही. ‘या आठवड्यात तीन दिवस त्याने गृहपाठ आणला नाही, तिन्ही गणिताचे’ या वाक्यात पुढचा प्रश्न दडलेला आहे. ‘ती कोणाशी मिसळत नाही’ आणि ‘मधल्या सुटीत ती पायऱ्यांवर बसते आणि मैदानाकडे पाहत असते’ यांतले दुसरे वाक्य लिहिणाऱ्या शिक्षिकेने निदान पाच मिनिटे त्या मुलीकडे पाहिलेले असते. एका वर्गात पन्नास-साठ मुले असताना प्रत्येकाकडे पाच मिनिटे कशी पाहायची, हा शिक्षकांचा प्रश्न रास्तच आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. ते जिथे पाळले जात नाही तिथे केवळ शिक्षिकेच्या संवेदनशीलतेवर बोट ठेवणे अन्यायाचे ठरते. तिच्याविषयी मत बनवतानाही घाई नको.

मुलाशी बोलताना ‘का’ हा प्रश्न सकाळी विचारून उपयोग नसतो. तो आरोपासारखा लागतो आणि सहा वर्षांच्या मुलाला त्याचे उत्तर बहुधा ठाऊकही नसते. संध्याकाळी, भांडी विसळताना किंवा स्कूटरवर पुढे उभे करून नेताना, ‘शाळेतला कुठला वेळ सगळ्यात लांब वाटतो?’ असे विचारले तर बोलणे निघते. मुले डोळ्यांत डोळे नसताना जास्त सांगतात. सांगितल्यावर ‘एवढंच ना?’ हे दोन शब्द गिळणे मोठ्या माणसाला फार अवघड जाते.

फाटकाचा गज धरून उभ्या असलेल्या त्या मुलाबाबतही असेच घडते असे समजू या. नवव्या दिवशी रात्री, दिवा घालवल्यावर, तो आईला विचारतो, की शाळेतल्या शौचालयाची कडी आतून लागली आणि निघाली नाही तर काय करायचे. पहिल्या दिवशी ती एकदा अडकली होती. अर्धा मिनिटच, पण बाहेर घंटा झाली होती आणि सगळे निघून गेले होते. तेव्हापासून तो सकाळी दूध पीत नाही, शाळेत पाणी पीत नाही, आणि अकरा वाजेपर्यंत पोटात खरोखरच दुखू लागते.

आई दुसऱ्या दिवशी शिक्षिकेला हे सांगते. शिक्षिका कडी पाहून येते. ती गंजलेली असते. शिपाई दुपारी तिला तेल घालतो आणि वर्गातला एक मुलगा बाहेर उभा राहायचे कबूल करतो. त्या आठवड्यात मुलगा फाटकापाशी दोनदा थबकतो, एकदा रडतो, आणि शुक्रवारी रिकामी पाण्याची बाटली घेऊन घरी येतो.